पत्र्याच्या तोंडाजवळची माती

चांगुणाबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला मला संकोच वाटतो. आमची गाठ सगळी मिळून पाच दिवसांची. त्यांचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं, ते परवा त्यांच्या मुलीनं सांगितलं. नवरा कधी वारला, मुलं किती, रस्त्याच्या कामावर किती वर्षं होत्या, यातलं मी काहीच विचारलं नाही. विचारायची सवय मला नाही. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेली. तिथं मालक सांगायचा, डॉक्टर ऐकायचे, आणि मी बाटली भरून द्यायचो. लिहिणं म्हणाल तर रजिस्टरात बैलाचा रंग, शिंगं आणि औषध, एवढंच.

त्यांची मुलगी राजश्री कलबुर्गीला नर्स आहे. बाई गेल्या त्याला आता सहा महिने होतील. पुण्यानुमोदनाला एक छोटी पुस्तिका काढायची, आईला भेटलेल्या माणसांकडून दोन-चार पानं घ्यायची, म्हणून ती आमच्या खजुरीला आली होती. "आई तुमचं नाव घ्यायची," म्हणाली. का घेत असतील, हे मला अजून उमगलेलं नाही. तिला नाही म्हणता आलं नाही. जे माझ्यासमोर झालं तेवढं लिहितो. चुकलं तर तिनं दुरुस्त करावं.

आमच्या शेतापाशी रस्ता वळतो आणि वळणाच्या पुढं ओढ्यावरचा पूल आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा पुलाच्या दोन्ही अंगांनी लोखंडी कठडा बसवला. कामावरची माणसं त्याला पत्रा म्हणतात, आणि तो जिथं सुरू होतो त्या टोकाला तोंड. आळंदकडून येणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला जे तोंड येतं, ते नेमकं आमच्या बांधासमोर. तिथं शेत रस्त्यापेक्षा कमरेइतकं उंच आहे, आणि पुढं लगेच जमीन ओढ्याकडं उतरते. पत्रा बसल्यावर आमची जुनी वाट बंद झाली. मग धाकटा भाऊ बंडेप्पा आणि मी, आम्ही दोघांनी दोन ट्रॉल्या मुरूम आणून रस्त्याच्या कडेपासून बांधापर्यंत चढ केला. ट्रॅक्टर सरळ शेतात चढू लागला. मुरूम पत्र्याच्या तोंडाला टेकला, अर्धं तोंड त्यात बुजलं, पण तिकडं आमचं लक्ष नव्हतं.

मला तो चढ हवा होता, त्याचं कारण माझी बायको, अक्कम्मा. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्याकडं घरात कोणी थांबत नाही. शेतात कडब्याच्या खोपटासारखी कोप बांधायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील घेऊन सगळ्यांनी रानात जायचं. दोन येळवशी ती घरात एकटी बसून होती. या वर्षी मी तिला म्हणालो होतो, ट्रॉलीत खुर्ची ठेवून तुला नेतो. तिनं आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, आठ दिवस आधीच घासून पालथी घातली होती.

आणि येळवशीला चार दिवस राहिले असताना चांगुणाबाईंचा टेम्पो आला.

मी तुरीत होतो. टेम्पोतून चार माणसं उतरली, फावडी, टिकाव, माती चोपायची धुमस, घमेली उतरली, आणि शेवटी एक बाई उतरल्या. पन्नाशी ओलांडलेली, लुगड्यावर नारिंगी जाकीट, हातात स्कूटरचं जुनं टायर. बाईंच्या हातात टायर कशाला, ते मला कळेना. त्या तीसेक पावलं मागं गेल्या, टायर डांबराच्या कडेवर उभं केलं आणि पत्र्याच्या दिशेनं जोरात सोडलं. टायर आमच्या मुरमावर चढलं, उडालं, पत्र्याच्या वरच्या कडेला ठण्णकन आपटलं आणि पलीकडं ओढ्यात गेलं.

गडी हसले. बाई हसल्या नाहीत.

"चन्नवीर, बघितलं का?" त्या एका गड्याला म्हणाल्या. "ह्ये टायर व्हतं. जीप आसती तर आतल्या मान्सास्नी ओढ्यातनं काढायला लागलं आसतं."

तो टायर आणायला खाली उतरला. बाई तोंडाजवळ येऊन पायानं मुरूम उकरू लागल्या. एका जागी त्या थांबतच नव्हत्या. इकडून बघायच्या, तिकडून बघायच्या, वाकायच्या, दोरी लावायच्या, पुन्हा सोडायच्या.

तेवढ्यात बंडेप्पा आला. त्याचा आवाज तो यायच्या आधी येतो.

"ओ बाई, कुनाच्या मुरमाला हात लावायलाव?"

"रस्त्याच्या जागेतल्या, अण्णा."

"मुरूम माझा हाय. माझ्या ट्रॅक्टरनं टाकलाय."

"मग घेऊन जावा की. लावा ट्रॉली, आमी भरून देताव."

गडी पुन्हा हसले, आणि बंडेप्पा जास्तच चिडला. "आन् आमी शेतात कसं जायाचं? उडून?"

"न्हाई, तुमी कामून उडताव? ह्यो चढ ऱ्हायला तर उडायचं काम दुसऱ्यालाच लागंल." मग त्यांचा आवाज खाली आला. तळहात आडवा धरून त्यांनी समजावलं, आणि मी तुरीतून ऐकलं. गाडी सपाट जमिनीवरून आली तर पत्र्याचं तोंड दाबलं जातं, मार ते खातं आणि माणूस वाचतं. चढावरून आली तर चाक उचलतं आणि गाडी पत्र्याच्या वरून जाते. खड्ड्यातून आली तर पत्र्याच्या खाली घुसते. म्हणून तोंडाच्या चहूबाजूंची माती सपाट पाहिजे. "धा हातात एक हात," त्या म्हणाल्या. "त्येच्यापक्षा जास्ती चढउतार हितं चालत न्हाई."

"येळवस झाल्यावर या," बंडेप्पा म्हणाला.

"येळवशीच्या दिशीच तर ह्या रस्त्यावर गाडीमागं गाडी. त्येच्या आधीच पायजे."

बंडेप्पानं ट्रॅक्टर आणून चढावर आडवा लावला, किल्ली खिशात घातली आणि निघून गेला. मी तुरीतून बाहेर आलो नाही. बाईंना त्या रस्त्यावरची आणखी तोंडं करायची होती. टेम्पो पुढं गेला, पण बाई मागं वळून ट्रॅक्टरकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी काम दुसरीकडं होतं, तरी चार वाजता त्या एकट्या एसटीनं आल्या. मी बांधावर होतो, लपायला जागा नव्हती. त्यांनी ढिगाला तीन फेऱ्या घातल्या. मी म्हणालो, "बसा. च्या सांगतो."

"बसायला येळ न्हाई, अप्पा," त्या म्हणाल्या आणि पाऊण तास उभ्या राहिल्या. येणारी प्रत्येक गाडी वळणापासून पुलापर्यंत डोळ्यांनी पोचवत होत्या. त्यांच्याजवळ उभं राहून मलाही स्वस्थता राहिली नाही. तोवर गाडी म्हणजे मला फक्त गाडी होती, त्या दिवसापासून ती कुठून चालली, कडेपासून किती लांब चालली, हे दिसायला लागलं. अक्कम्माचं सांगावं असं तोंडावर आलं होतं. पण भाऊ भांडलेला, त्यात आपण रडगाणं काय लावायचं, म्हणून गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला तेव्हा ट्रॅक्टर तिथं नव्हता. चढाच्या माथ्यावर पाच दगड मांडलेले होते, ताज्या चुन्यानं पांढरे केलेले. आमचे पांडव. बंडेप्पानं आदल्या संध्याकाळी ते शेतातल्या लिंबाखालून, नेहमीच्या जागेवरून उचलून तिथं आणले होते. एकदा चुना लागला की येळवशीची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हलवत नाही.

इथं एक गोष्ट लिहिली पाहिजे. शेवटचे दोन दगड एकट्याला उचलण्यासारखे नाहीत. ते धरू लागायला मी होतो. बंडेप्पा म्हणाला, "अण्णा, धरा," आणि मी धरले. चांगुणाबाईंना हे मी कधी सांगितलं नाही.

चन्नवीरनं फावडं खाली ठेवलं. "अक्का, पूजेचे दगड हायती. माझ्यानं व्हायचं न्हाई." दुसरेही मागं सरले. बाई दगडांपासून दोन हातांवर थांबल्या. पुढं झाल्या नाहीत, मागंही आल्या नाहीत, तिथंच डावीकडं-उजवीकडं होत राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या.

"मी उचलीन," त्या म्हणाल्या. "पर मी उचलले तर मातीचं ऱ्हाईल बाजूला, गावात दुसरंच उभं ऱ्हाईल. व्हय का न्हाई, अप्पा?"

त्या बौद्ध होत्या. त्यांचा प्रश्न मला कळला, आणि त्याला खरं उत्तर 'व्हय' हेच होतं. ते मला देता आलं नाही. त्याऐवजी मी अक्कम्माचं सांगून टाकलं. खुबा, खुर्ची, ट्रॉली, दोन येळवशी, घासलेली बिंदगी, सगळं एका दमात. एवढं मी कोणापुढंच बोललेलो नव्हतो.

बाईंनी मध्ये एकच विचारलं, "त्या चालत्यात किती?"

"चालती. वॉकर घेऊन."

"किती पावलं?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज बघत होतो, पण मोजलं नव्हतं. बाई म्हणाल्या, चला. गड्यांना पुढच्या तोंडावर पाठवून त्या माझ्याबरोबर घरी आल्या. अक्कम्मा त्यांना बघून गोंधळली.

"ह्या कोन?"

"रस्त्याच्या कामावरच्या बाई. तू किती चालतीस ते बघायचंय म्हनत्यात."

"मला काय रस्त्यावर चालवायलाव का आता?" अक्कम्मा म्हणाली, पण उठली. अंगणात वॉकर टेकत चालली. बाई तिच्या शेजारून उलट्या चालत मोजत होत्या. सव्वीस पावलांवर अक्कम्मानं खांब धरला.

"बावीस धरू," बाई म्हणाल्या. "शेतात ढेकळं आसत्यात."

परत येताना त्यांनी मला बोलूच दिलं नाही. त्या स्वतःशीच हिशेब करत भराभर चालल्या होत्या, आणि मला त्यांच्याबरोबर चालवेना. तोंडाच्या चाळीस पावलं अलीकडं, वळणाच्याही आधी, एके ठिकाणी रस्ता आणि शेत जवळजवळ एका पातळीत आहेत. कडेला रिक्षा थांबण्याइतकी पक्की जागाही आहे. तिथं त्या थांबल्या. "हितं रिक्षा थांबंल. हितनं बावीस पावलांत कोप बांधा."

"कोप लिंबाजवळ असती," मी म्हणालो.

"कोप काय पक्की भिंत हाय व्हय? कडब्याचीच तर हाय. औंदा हितं बांधा. ट्रॅक्टरबी हितनंच आत जाईल."

"पण ही बंडेप्पाची वाटणी. ज्वारी उभी हाय."

"किती कापायला लागंल?"

"आठ तास." आठ ओळी जातील, हे मला लगेच दिसलं.

"मग इच्यारा त्यांना," त्या म्हणाल्या, जणू ते सगळ्यात सोपं काम होतं. वाटणी होऊन एकवीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मी भावाकडं काही मागितलेलं नव्हतं, आणि तो सांगेल त्याला नाहीही म्हणालो नव्हतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी, येळवशीच्या आदल्या दिवशी, टेम्पो यायच्या आत मी चढावर जाऊन उभा राहिलो. पण उभाच राहिलो. टेम्पो आला, गडी उतरले, सगळे माझ्याकडं बघू लागले, तेव्हा मी वाकून पहिला दगड उचलला. बांधावरून नव्या जागी नेऊन ठेवला. दुसरा नेला. तिसरा नेत होतो तेव्हा बंडेप्पा धावत आला.

"अण्णा, ह्ये काय करायलाव?"

"कोप तिकडं बांधायची हाय. तुझ्या वहिनीला चालत येता येईल तिथं. तुझ्यातले आठ तास कापायला लागतात."

"मला न इच्यारता?"

"आता इच्यारायलोय."

दगड माझ्या हातातच होता. बंडेप्पा एकदा बाईंकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. मग म्हणाला, "कापा. पर वैरन माझ्या गोठ्यात टाकायची. आन् त्या बाईला सांगा, टायर माझ्या ज्वारीत आलं तर परत देनार न्हाई."

"आमच्यापाशी दुसरं हाय," बाई म्हणाल्या.

तो विळा आणायला गेला. राहिले दोन मोठे दगड. चन्नवीर आणि दुसरे गडी अजून दूरच उभे होते. मी चौथा हलवून बघितला, तो जागचा सरकला नाही. बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "धरू का?"

'धरा' म्हणायला मी वेळ लावला. किती, ते सांगता येणार नाही, पण त्यांना कळण्याइतका. नोकरीत मी सगळ्यांच्या गोठ्यांत गेलो, सगळ्यांच्या घरचं पाणी प्यालो, आणि आपण शिवाशिव पाळणाऱ्यांतले नाही असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. मग मी "धरा" म्हणालो. आम्ही दोघांनी चौथा नेला, मग पाचवा. त्यांच्या हाताला चुना लागला, तो त्यांनी जाकिटाला पुसला आणि टिकाव मागितला. राजश्री, हे तुला वाचायला बरं वाटणार नाही. पण हे सोडून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल.

त्यानंतरचं काम मी मन लावून बघितलं. आधी चढ पुरा उतरवला. पत्र्याचं बुजलेलं तोंड मोकळं झालं, त्याच्या पायाशी पाण्यानं पाडलेली घळ निघाली. ती थराथरानं भरली. एक थर, पाणी, धुमस, मग दुसरा थर. बाई दोरी लावत होत्या, पण दोरीवर त्यांचा भरवसा नव्हता. जमिनीवर गाल टेकून बघायच्या. "चन्नवीर, मधी पोट आलंय." तो म्हणायचा, "अक्का, पोट तुमाला सपनात दिसतंय." तरी खरवडायचा. बांधाचा काठही त्यांनी मागं तासून घेतला. दुपारी टायर सोडलं, ते एका जागी डुलकलं. पुन्हा उकरलं. तीनला सोडलं, पुन्हा डुलकलं. गडी कंटाळले. पाचच्या सुमाराला सोडलं तेव्हा टायर सरळ गेलं आणि पत्र्याच्या तोंडाला जाऊन भिडलं, मधोमध, बोटभरही उडालं नाही.

"झालं," चन्नवीर म्हणाला.

"एक डाव आनखी सोड," बाई म्हणाल्या.

येळवशीला गड्यांना सुट्टी होती. बाईंनाही असणार. पण अकरा वाजता मी अक्कम्माला रिक्षातून आणलं तेव्हा त्या नारिंगी जाकीट घालून तोंडापाशी उभ्या होत्या, हातात लाल फडकं. कोणी गाडी तिथं लावायला आलं की पुढं हाकलत होत्या. अक्कम्मा उतरली, वॉकर टेकला आणि कापलेल्या धसकटांमधून चालली. एकोणीस पावलं झाली. कोपीत बसल्यावर तिनं आधी ज्वारीची एक पात तोडून नाकाशी धरली, मग पांडवांकडं बघितलं. बंडेप्पा म्हणाला, "वहिनी, आठ तास गेले तुमच्यापायी." ती म्हणाली, "आंबील नगं मग तुला?"

मी तांब्याभर आंबील घेऊन बाईंकडं गेलो. "कोपीत चला" म्हणालो, तर त्या म्हणाल्या, गर्दी सरू दे. उभ्यानंच पिऊ लागल्या, तांब्या तोंडापासून वर धरून, डोळे रस्त्यावर. अर्धा घोट तेवढा झाला, आणि त्यांनी तांब्या माझ्या हातात आदळला.

वळणावरून एक बस जीपला मागं टाकायला बाहेर निघाली होती आणि समोरून ट्रक आला. बस आत दाबली, जीप डांबरावरून खाली आली. तिची डावीकडची दोन्ही चाकं बाईंनी सपाट केलेल्या मातीवरून धावली. बाईंनी मला दंडाला धरून मागं ओढलं. जीप तशीच सरळ आली आणि पत्र्याच्या तोंडाच्या हातभर अलीकडं वळून परत डांबरावर चढली. आत बायका होत्या, लेकरं होती, कोणीतरी मांडीवरची बिंदगी दोन्ही हातांनी धरलेली होती. जीप थांबलीही नाही. आपण कुठून गेलो, हे त्यांना कळलंही नसेल.

मातीवर चाकांच्या दोन खुणा राहिल्या, बोटभर खोल. बाई त्यांच्याजवळ गेल्या. बांधाला टेकवलेलं फावडं घेतलं आणि खुणा बुजवू लागल्या. मी घमेलं धरलं. आम्ही दोघांनी मिळून तेवढी जागा पुन्हा नीट केली, आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या, संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम बिदरच्या बाजूला, जनवाड्याकडं होतं. तिथंच पुढं त्यांना ताप आला आणि मेंदूपर्यंत गेला, हे मला राजश्रीकडून कळलं. आता पावसानं पत्र्याच्या तोंडापाशी घळ पाडली की मी घमेलंभर मुरूम टाकून येतो. बरोबर दाबला जातो की नाही, ते कोणाला विचारावं समजत नाही.

येळवशीच्या त्या संध्याकाळी त्यांना न्यायला टेम्पो आला. त्या पुढं चढल्या, जाकीट काढून मांडीवर घेतलं, आणि खिडकीतून म्हणाल्या, "अप्पा, जागा हाय. गावापातूर येताव का?"

"नको. अक्कम्मा हाय कोपीत."

"मग ऊन हाय तवर रिक्षा बोलवा."

"बोलवतो," मी म्हणालो.